नवजात बालकाची उपजत प्रतिकारशक्ती आणि बीसीजी लस : मागे पडलेल्या एका निरीक्षणाचा इतिहास



तुमच्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर एक छोटा गोल व्रण असेल. तो बीसीजी लसीचा व्रण आहे. ही लस क्षयरोगासाठी देतात, असे आपण शाळेत शिकलो. ते बरोबरच आहे. परंतु क्षयाशी काहीही संबंध नसलेल्या जंतुसंसर्गांनी होणारे बालमृत्यूही या लसीमुळे कमी होतात का, हा प्रश्न वैद्यकात सुमारे शंभर वर्षे विचारला जात आहे. तो १९३० च्या आसपास पुढे आला, पुढे जवळजवळ पन्नास वर्षे बाजूला पडला आणि एकविसाव्या शतकात नव्या पुराव्यांसह परत आला. या पाठात आपण त्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. एखादे निरीक्षण केव्हा स्वीकारले जाते, केव्हा नाकारले जाते आणि नाकारणारे चूक होते असे प्रत्येक वेळी म्हणता येते का, हे या इतिहासातून चांगले समजते.

१. प्रश्नाचे गांभीर्य

जन्मानंतरचे पहिले २८ दिवस म्हणजे नवजात काळ. या काळात रक्तात जंतुसंसर्ग पसरणे, म्हणजे सेप्सिस होणे, हे मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. मुदतीपूर्वी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बालकांना हा धोका अधिक असतो. उपचार म्हणून प्रतिजैविके आहेत. पण त्यांचा प्रभाव कमी होत चालला आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील नवजात विभागांतील बालकांत आढळलेले क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. जंतूला मारणारे औषध असे निकामी होत असेल, तर बालकाच्या स्वतःच्या शरीराला लढण्यासाठी मदत करता येईल का, हा विचार साहजिकच पुढे येतो.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करून घेऊ. विशिष्ट जंतूला ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे आणि पेशी तयार करणारी ती ‘अर्जित प्रतिकारशक्ती’. ती तयार व्हायला दिवस-आठवडे लागतात, पण तिला स्मृती असते. जंतू शिरताच काही मिनिटांत किंवा तासांत कामाला लागणारी, कोणत्याही जंतूवर साधारण सारखीच धावून जाणारी ती ‘उपजत प्रतिकारशक्ती’. नवजात बालकाने जंतू फारसे पाहिलेलेच नसतात. त्यामुळे त्याची अर्जित प्रतिकारशक्ती कोरी असते. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे येतात, पण मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी अपुरी मिळते. त्याची सारी भिस्त मग उपजत प्रतिकारशक्तीवर असते आणि तीही मोठ्या माणसासारखी नसते. जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचा अस्थिमज्जेतील राखीव साठा लहान असतो, रक्तातील पूरक प्रथिने कमी असतात आणि काही दाहकारक संदेश-प्रथिने कमी प्रमाणात स्रवतात.

२. उपजत प्रतिकारशक्तीच्या कल्पनेचा जन्म

१८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला दिसला. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला या पेशी घेरतात आणि गिळतात, असे त्याने मांडले. त्याच काळात जर्मनीत रक्तद्रवातील प्रतिपिंडांवर भर देणारा दुसरा विचारप्रवाह होता. त्याचा अग्रणी पॉल एर्लिख. एर्लिखने १८९२ मध्ये उंदरांची पिले एका मादीकडून दुसरीकडे दुधासाठी बदलून पाहिली आणि आईचे संरक्षण दुधातूनही पिलांना मिळते, हे दाखवले. १९०८ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

पारितोषिक दोघांना मिळाले तरी पुढची अनेक दशके गाजली ती प्रतिपिंडांची बाजू. स्मृती म्हणजे अर्जित प्रतिकारशक्तीची मिरास, उपजत प्रतिकारशक्ती मात्र विसराळू. ती प्रत्येक वेळी नव्याने, पूर्वीइतक्याच जोराने लढते, असे पाठ्यपुस्तकांत पक्के झाले. ही समजूत ध्यानात ठेवा. पुढे जे घडले ते समजायला ती लागेल.

३. लस आणि अनपेक्षित आकडे

अल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांनी फ्रान्समधील लील येथील पाश्चर संस्थेत गाईंच्या क्षयाचा जंतू घेऊन तो पित्त व ग्लिसरीन लावलेल्या बटाट्यावर वाढवायला सुरुवात केली. दर तीन आठवड्यांनी नवे रोपण, असे १९०८ पासून १९२१ पर्यंत २३० वेळा केले. या काळात पहिले महायुद्ध होऊन गेले आणि लील शहर जर्मनांच्या ताब्यात होते; तरी रोपणे चालूच राहिली. शेवटी जंतू जिवंत, पण रोग न करणारा झाला. त्यालाच आपण बीसीजी म्हणतो. जुलै १९२१ मध्ये पॅरिसमध्ये एका नवजात बालकाला ही लस प्रथम तोंडावाटे देण्यात आली. त्याची आई बाळंतपणानंतर क्षयाने वारली होती आणि ज्या आजीकडे ते वाढणार होते, तिलाही क्षय होता. बालक क्षयापासून वाचले.

लसीकरण वाढत गेले तशा नोंदी जमा झाल्या आणि त्यांत एक विचित्र गोष्ट दिसली. लस घेतलेल्या बालकांत केवळ क्षयाचे नव्हे, तर एकूणच मृत्यू कमी होते. काल्मेतने १९३१ च्या सुमारास ही शक्यता उघडपणे मांडली : लसीमुळे बालकांना इतर संसर्गांशी लढण्याचीही ताकद मिळत असावी. स्वीडनच्या उत्तरेकडील नॉरबॉटन प्रांतात कार्ल नेसलुंड या डॉक्टरने १९२७ पासून नवजात बालकांना लस दिली. लस न घेतलेल्या बालकांच्या तुलनेत लस घेतलेल्यांत मृत्यू जवळजवळ एक तृतीयांश इतकेच होते. एवढा फरक केवळ क्षय टळल्याने पडणे शक्य नाही, हे नेसलुंडने ओळखले. इतक्या लहान वयातील बहुतेक मृत्यू क्षयाने होतच नव्हते. म्हणून त्याने १९३२ मध्ये लिहिले, की लसीचा परिणाम अविशिष्ट प्रतिकारावर होत असावा.

४. निरीक्षण मागे का पडले?

येथे थांबून तुम्ही स्वतः विचार करा. नेसलुंडच्या आकड्यांवर तुम्ही विश्वास ठेवला असता का?

पहिली अडचण तुलनेची होती. लस ऐच्छिक होती. बाळाला लस द्यायला तयार होणारे आईबाप बहुधा अधिक जागरूक, काही अंशी अधिक सुस्थित असणार. त्यांची मुले लसीशिवायही अधिक जगली असती. इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ मेजर ग्रीनवुड यांनी काल्मेतच्या आकडेवारीवर कडक टीका केली. ती रास्त होती : सारख्या नसलेल्या दोन गटांची तुलना करून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

दुसरी अडचण भीतीची होती. १९३० मध्ये जर्मनीतील ल्युबेक शहरात सुमारे २५० नवजात बालकांना दिलेल्या लसीत प्रयोगशाळेतील चुकीने क्षयाचा जहाल जंतू मिसळला गेला. ७० हून अधिक बालके दगावली. दोष लसीचा नसून हाताळणीचा होता, हे चौकशीत सिद्ध झाले. पण लसीवरचा विश्वास डळमळला. १९३३ मध्ये काल्मेतचे निधन झाले. लस सुरक्षित आहे हेच पटवून देण्याची वेळ आली, तेथे तिच्या जादा गुणांबद्दल कोण बोलणार?

तिसरी अडचण सर्वांत खोल होती. ‘हे घडते कसे?’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. स्मृती फक्त विशिष्ट जंतूपुरतीच असते, असे मानणाऱ्या शास्त्रात क्षयाच्या लसीने न्यूमोनिया टळणे बसतच नव्हते. ज्या निरीक्षणाला सिद्धान्तात जागा नसते, ते खोटे ठरवण्याचीही गरज पडत नाही. ते नुसते वाचायचे राहून जाते.

पूर्ण शांतता मात्र नव्हती. १९६० च्या दशकात जॉर्ज मॅकानेस यांनी दाखवले, की बीसीजी दिलेल्या उंदरांच्या भक्षक पेशी लिस्टेरिया या वेगळ्याच जंतूलाही अधिक जोमाने मारतात. १९७६ मध्ये कॅनडात आल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगावर बीसीजी वापरली; तो उपचार आजही चालू आहे. पण नवजात बालकांचा प्रश्न या धाग्यांशी कोणी जोडला नाही.

५. भारतातील बीसीजी : एकाच मोजपट्टीचा काळ

भारतात १९४८ मध्ये मद्रासजवळ गिंडी येथे बीसीजी निर्मितीची प्रयोगशाळा सुरू झाली आणि मदनपल्ली येथे लसीकरणाला आरंभ झाला. १९५१ पासून देशव्यापी मोहीम हाती घेण्यात आली. तिला विरोधही झाला. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९५५ मध्ये या मोहिमेविरुद्ध जाहीर लिखाण केले. पुढे १९६८ मध्ये तत्कालीन चिंगलपुट जिल्ह्यात जगातील सर्वांत मोठ्या बीसीजी चाचणीस सुरुवात झाली. सुमारे दोन लाख साठ हजार लोक तिच्यात होते. निकाल निराशाजनक लागला : प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयापासून लसीने संरक्षण मिळाले नाही. तरीही बालकांतील मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्वांगात पसरणारा क्षय यांवर ती उपयुक्त असल्याने १९७८ च्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमात आणि १९८५ पासूनच्या सार्वत्रिक कार्यक्रमात ती कायम राहिली.

एक गोष्ट लक्षात घ्या. या साऱ्या वादात, मोहिमेच्या बाजूने असोत वा विरोधात, सर्वांनी एकच प्रश्न विचारला : लस क्षय टाळते का? एकूण बालमृत्यू मोजण्यासाठी ती चाचणी आखलेलीच नव्हती. इतिहासाच्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवावे. जे मोजलेच नाही, त्याचे उत्तर नोंदींत सापडत नाही.

६. गिनी-बिसाऊ : प्रश्न परत येतो

पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या छोट्या देशात १९७८ मध्ये पीटर आबी हा डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ गेला. राजधानी बिसाऊच्या बांदीम वस्तीत त्याने घरोघरी फिरून जन्म, मृत्यू, लसी यांची अखंड नोंद ठेवणारा प्रकल्प उभा केला. लसींचा एकूण मृत्यूंवर होणारा परिणाम रोगनिहाय अपेक्षेशी जुळत नाही, हे त्याला या नोंदींतून दिसू लागले. गोवराच्या लसीबाबत प्रथम आणि नंतर बीसीजीबाबत.

पण नेसलुंडवर घेतलेला आक्षेप येथेही लागू होता. तो दूर करायचा तर कोणाला लस द्यायची हे आईबापांनी किंवा डॉक्टरांनी न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. जन्मताच द्यायची लस काही बालकांना मुद्दाम नाकारणे मात्र नैतिक नाही. वाट स्थानिक प्रथेतूनच निघाली. तेथे अडीच किलोहून कमी वजनाच्या बालकांना वजन वाढेपर्यंत बीसीजी देत नसत. म्हणून अशा बालकांचे चिठ्ठीने दोन गट केले : एकाला लगेच लस, दुसऱ्याला प्रथेप्रमाणे उशिरा. कोणाचेही नेहमीचे हक्क कमी झाले नाहीत.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २,३२० बालके होती. वर्षभरातील मृत्यूंत १७ टक्के घट दिसली. पण ती योगायोगानेही आलेली असू शकेल इतकी कमी होती. नवजात काळातील घट मात्र ४५ टक्के होती. त्यानंतर ४,१०० हून अधिक बालकांवर आणखी एक चाचणी झाली. पहिल्या लहान चाचणीसह तिन्हींचे निकाल २०१७ मध्ये एकत्र केले, तेव्हा नवजात काळातील मृत्यूंत ३८ टक्के घट आढळली. क्षय इतक्या लवकर मारत नाही. कमी झाले होते ते मुख्यतः सेप्सिस आणि श्वसनमार्गाच्या संसर्गांचे मृत्यू. नेसलुंडने जे पाहिले होते, ते आता न्याय्य तुलनेतून पुन्हा दिसत होते.

७. कारणाचा शोध

२०११ मध्ये नेदरलँड्समधील मिहाई नेतेआ आणि सहकाऱ्यांनी ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ ही संज्ञा मांडली : उपजत पेशींनाही एक प्रकारची स्मृती असते. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने दाखवले, की बीसीजी घेतलेल्या निरोगी प्रौढांच्या रक्तातील मोनोसाइट पेशी क्षयाशी संबंध नसलेल्या जंतूंनाही अधिक जोरदार प्रतिसाद देतात. ही स्मृती जनुकांच्या अक्षरांत बदल करून येत नाही. जनुके ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेली असतात, त्या हिस्टोनांवर रासायनिक खुणा चढतात. पुस्तकातील मजकूर तोच राहावा, पण नेमक्या पानांवर खुणेच्या पट्ट्या लावून ठेवाव्यात, तसे हे आहे. पुढच्या वेळी ते पान चटकन उघडते.

तरी नवजात बालकांत संरक्षण काही दिवसांतच दिसत होते; त्याचे काय? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने एक उत्तर दिले. नवजात उंदरांना बीसीजी दिल्यावर वाढीला चालना देणारे एक प्रथिन रक्तात झपाट्याने वाढते, अस्थिमज्जा घाईघाईने न्यूट्रोफिल पेशी तयार करते आणि ती पिले सेप्सिसमधून अधिक प्रमाणात वाचतात. या पेशी काढून घेतल्यास संरक्षणही जाते. लस दिलेल्या मानवी बालकांच्या रक्तातही याच मार्गाच्या खुणा आढळल्या. नवजात बालकाची जी उणीव आपण सुरुवातीला पाहिली, राखीव पेशींचा लहान साठा, तिच्यावरच हा परिणाम होत होता.

८. मग पेशी वाढवणारे औषधच का देऊ नये?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो संशोधकांच्याही मनात आला होता. ब्रिटनमध्ये मुदतीपूर्वी जन्मलेल्या २८० खुज्या बालकांवर अशा एका औषधाची चाचणी झाली आणि २००९ मध्ये निकाल आला. न्यूट्रोफिलांची संख्या वाढली; पण सेप्सिस टळून जगणाऱ्या बालकांचे प्रमाण वाढले नाही. सेप्सिस झालेल्या सुमारे ३,५०० बालकांना दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे शिरेतून देण्याची आंतरराष्ट्रीय चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचाही उपयोग दिसला नाही. रक्त-तपासणीतला आकडा सुधारणे आणि बाळ वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या चाचण्यांचा धडा.

याउलट ओडिशाच्या खेड्यांतून २०१७ मध्ये वेगळी बातमी आली. ४,५५६ नवजात बालकांच्या चाचणीत काहींना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा उपयुक्त जंतू, त्याला पोसणाऱ्या शर्करेसह, तोंडावाटे देण्यात आला. सेप्सिस किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ही बालके दोन किलो किंवा अधिक वजनाची आणि जवळजवळ पूर्ण दिवसांची होती. अगदी अपुऱ्या दिवसांच्या बालकांना हाच निष्कर्ष लावता येत नाही. अशा बालकांत दिलेला जंतूच रक्तात शिरण्याचा धोका असतो.

९. या इतिहासातून काय घ्यावे?

बीसीजीची गोष्ट येथे विजयाने संपते, असे समजू नका. डेन्मार्कमध्ये सुमारे ४,२०० बालकांवर झालेल्या चाचणीत लसीमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. दक्षिण भारतात दोन किलोहून कमी वजनाच्या नवजात बालकांना बीसीजीचा रशियन वाण देऊन केलेल्या दोन चाचण्यांत नवजात मृत्यू घटले नाहीत. त्यांचे निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गिनी-बिसाऊमध्ये वापरला तो डॅनिश वाण. युगांडातील ५६० बालकांच्या अभ्यासात मात्र २०२१ मध्ये पुन्हा फायदा दिसला. लसीचा वाण, बालकाचे वजन, परिसरातील जंतू, आईला पूर्वी मिळालेली लस अशी अनेक कारणे या फरकामागे असू शकतात. एका देशातील निकाल जसाच्या तसा दुसऱ्या देशात उचलता येत नाही, हे भारतातील विद्यार्थ्याने विशेषतः जाणले पाहिजे. चिंगलपुटनेही आपल्याला तेच शिकवले होते.

व्यवहारात मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. बीसीजी आपल्याकडे जन्मतःच देण्याची शिफारस आहे. ती योग्य वेळी देण्याने काही गमवायचे नसते. बाळाची उपजत ताकद राखण्याचे सर्वांत जुने साधनही हाताशीच आहे. पहिल्या दुधाला मराठीत चीक म्हणतात. त्यात प्रतिपिंडांबरोबरच जंतूंना लोहापासून वंचित ठेवणारे लॅक्टोफेरिन हे प्रथिन भरपूर असते. तो चीक पिळून टाकणे आणि बाळाला मध किंवा घुटी चाटवणे, या प्रथा देशाच्या अनेक भागांत आहेत. त्या बाळाचे संरक्षण काढून घेतात आणि वर संसर्गाचा धोका वाढवतात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या संस्थेने प्रशिक्षित केलेल्या गावातील स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची देखभाल केली, सेप्सिस ओळखून औषधही दिले. तेथील नवजात मृत्युदर नियंत्रण गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटला. हे काम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिकारशक्ती वाढवण्याचा कोणताही नवा उपाय या पायावरच उभा राहील, त्याच्या जागी नव्हे.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ असे छापलेल्या डब्या आज प्रत्येक दुकानात दिसतात. त्या पाहताना हा इतिहास आठवा. काल्मेत आणि नेसलुंड यांचे निरीक्षण बहुधा खरे होते, पण त्यांचा पुरावा अपुरा होता. ग्रीनवुड यांची टीका योग्य होती, पण तिच्यामुळे प्रश्न संपायला नको होता. चांगल्या टीकेनंतर अधिक चांगली चाचणी व्हायला हवी होती. ती व्हायला सत्तर वर्षे लागली. त्या सत्तर वर्षांत जन्मलेल्या कमी वजनाच्या बालकांसाठी ही दिरंगाई निव्वळ शास्त्रीय नव्हती.

स्वाध्याय

१. नेसलुंडच्या निरीक्षणावर घेता येणारा मुख्य आक्षेप कोणता? गिनी-बिसाऊच्या चाचण्यांनी तो कसा दूर केला?
२. न्यूट्रोफिल वाढवणाऱ्या औषधाची चाचणी अयशस्वी ठरली, तरी बीसीजीच्या परिणामामागे न्यूट्रोफिल असू शकतात. या दोन विधानांत विरोध आहे का? कारणे द्या.
३. चिंगलपुट चाचणीत कोणता प्रश्न विचारला गेला आणि कोणता विचारला गेला नाही?
४. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना नवजात बालकाला पहिले काय देत असत ते विचारा आणि त्याचा या पाठाच्या आधारे विचार करा.